कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय म्हणे, ४५ हजार घालू का?

प्रश्न: माझी २०१४ची पेट्रोल गाडी आहे, चेक इंजिनचा लाइट लागलाय, स्कॅनरवर पी ०४२० हा कोड आला. गॅरेजवाले म्हणतात कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला, विषारी धूर साफ करणारा जाळीचा डबा) बदला, ४५ हजार, नाहीतर काढून सरळ पाइप टाकू. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: दादा, आधी पैसे देऊ नका. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये असं गाडीला वाटतंय एवढंच, सायलेन्सरच्या जॉइंटला लीक असेल किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला असेल तरी हाच कोड येतो, आणि ते काम बरंच स्वस्तात होतं. गाडी पूर्ण थंड असताना कन्व्हर्टरवर मुठीने हलकेच ठोका, आत खडखड वाजलं तर जाळी फुटलीय. मग मात्र बदलावाच लागेल. पण तो गेला कशाने हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका हो, प्लग किंवा कॉइल मिसफायर करत असेल तर न जळलेलं पेट्रोल आत जाऊन पेटतं, जाळी वितळते, नवाही तसाच जाईल. सरळ पाइप अजिबात नको, ते बेकायदेशीर आहे आणि विषारी धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. आणि जुना पार्ट गॅरेजमध्ये सोडू नका, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारातही चांगले पैसे येतात, ते बिलातून वजा करायला सांगा.