नात्याचा ना गोत्याचा, तरी रडू येतं

"हिचं कुठे काही प्रेमप्रकरण होतं का, तेवढं काढून घ्या मॅडम." नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत टेकल्या टेकल्या रेवतीच्या आईने मला हेच सांगितलं. 2015 चा मार्च संपत आला होता. मुलगी चोवीस वर्षांची, ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत. दोन आठवडे रात्री रडत होती, डबा भरलेलाच घरी आणत होती. विचारलं की म्हणे, एक लेखक गेला. "तोही इंग्लंडमधला हो, कधी भेटलेली नाही. हिचे बाबा म्हणतात, नात्याचा ना गोत्याचा, एवढं सूतक कशाला?"

(रेवती हे खरं नाव नाही. तिची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.)

हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. एखादी गायिका जाते, नट जातो, लेखक जातो, आणि कुणीतरी बाथरूमचा नळ सोडून रडतं. मग स्वतःचीच लाज वाटते. जिवाभावाचं माणूस थोडंच होतं, मग मला हे काय होतंय?

गेलेले लेखक होते टेरी प्रॅचेट. 12 मार्च 2015 ला वयाच्या 66 व्या वर्षी ते गेले. त्यांचं कादंबऱ्यांमधलं जग थाळीसारखं चपटं आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर टेकलेलं, आणि ते हत्ती अवकाशातून पोहत जाणाऱ्या एका महाकाय कासवाच्या पाठीवर उभे. त्या जगात मृत्यू हेही एक पात्र आहे. हाडांचा सापळा, पण वागायला सभ्य, मांजरांवर जीव असलेला. लेखक गेल्याची बातमीही त्यांच्या ट्विटर खात्यावरून याच पात्राच्या आवाजात आली. इथे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. रेवती ऐरोलीहून लोकलने परतत होती. ठाण्याला उतरली आणि फलाटावरच्या बाकावर बसून राहिली. "लोक बघत होते. एका काकूंनी पाणी दिलं, विचारलं, घरचं कोण गेलं? मी खोटं सांगितलं, काका गेले म्हणून."

त्या खोट्यातच सगळं आलं. खरं सांगितलं असतं तर ते पाणीही घ्यायला तिला संकोच वाटला असता.

दहावीच्या सुट्टीत रद्दीवाल्याकडे तिला पहिल्यांदा त्यांचं एक पुस्तक मिळालं होतं. त्यात मेंढपाळांच्या घरातली नऊ वर्षांची मुलगी हातात तवा घेऊन भावाला सोडवायला परीराज्यात जाते. शब्दकोश काढून तीन महिन्यांत रेवतीने ते वाचलं. पुढे अकरावी, इंजिनिअरिंग, पहिली नोकरी, आणि दर वर्षी एखादं नवं पुस्तक. दिवाळीला मामा यावा तसं.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. दुसऱ्या भेटीत तिच्या बोलण्यात आलं की आजोबा स्मृतिभ्रंशाने गेले होते. प्रॅचेट यांनाही अल्झायमर होता. 2007 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी स्वतःच ते जाहीर केलं. दुर्मीळ प्रकार होता, नजरेवर आणि टायपिंगवर आधी घाला घालणारा. तरी सहाय्यकाला सांगून, संगणकाला बोलून दाखवून त्यांनी लिहिणं चालू ठेवलं. मला वाटलं, धागा सापडला. मी विचारलं, "हे रडणं आजोबांसाठी असेल का?"

रेवती चिडली. "आईला प्रियकर हवाय, तुम्हाला आजोबा. माझं रडणं खरं मानायला तुम्हा सगळ्यांना घरचाच माणूस का लागतो?"

तिचं बरोबर होतं. एका दुःखाखाली दुसरं दडलेलं असतं, हे आम्ही शिकतो. पण समोरचं दुःख आधी त्याच्या नावाने ऐकून घ्यायचं असतं. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने 1989 मध्ये अशाच दुःखांवर पुस्तक संपादित केलं. जे दुःख समाज दुःख म्हणून मोजतच नाही, ते माणसाला एकट्यानेच वाहावं लागतं. आपल्याकडे सोयर-सुतक आहे, दहावा-तेरावा आहे, लोक पिठलं-भात घेऊन येतात. लेखकासाठी रडणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी आठ-बाराची लोकल पकडावीच लागते.

मग मी तिला फक्त पुस्तकांबद्दल बोलू दिलं. आणि आईंना एक काम दिलं: रोज जेवताना तिला त्या जगातली एक गोष्ट विचारायची. पहिल्याच रात्री कासव ऐकून आई म्हणाल्या, "अगं, हा तर आपला कूर्मच की!" आठवड्याभरात डबा रिकामा येऊ लागला.

असं झालं नसतं तर मी वेगळा विचार केला असता. झोप, जेवण, काम काही आठवड्यांनंतरही रुळावर येत नसेल, किंवा 'जगून काय करायचं' असं मनात येत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. आता टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांकही आहे, तिथे मराठीत बोलता येतं. दुःख लेखकाचं आहे म्हणून ही लक्षणं हलकी ठरत नाहीत.

भाद्रपदात रेवती परत आली, शेवटचं पुस्तक घेऊन. ऑगस्टच्या अखेरीस निघालेलं, त्या मालिकेतलं 41 वं. उघडवत नव्हतं. वाचलं की संपलं. मी म्हटलं, राहू दे, पुस्तक काही नासत नाही.

दुसरं एक मात्र तिने केलं होतं. प्रॅचेट यांच्या एका कादंबरीत मनोऱ्यांवरून निरोप पाठवणारी यंत्रणा आहे. तिथे काम करताना गेलेल्याचं नाव एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर कायम पुढे पाठवत राहतात, टोकाला पोचलं की परत फिरवतात. ते गेल्यावर जगभरातल्या वाचकांनी वेबसाइटच्या कोडमध्ये, डोळ्यांना न दिसणाऱ्या ओळीत, त्यांचं नाव घातलं. रेवतीनेही आपल्या छोट्या साइटमध्ये घातलं. हे तिने घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, "म्हणजे तर्पणात नाव घेतो तसंच." बाबा पेपर वाचत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "महालयात गुरूंचं, मित्रांचंही नाव घेतात."

"पण गोत्र?" आईंनी विचारलं.

"माहीत नसलं की काश्यप म्हणायचं."

हे सांगताना रेवती हसत होती आणि डोळेही पुसत होती. संस्कृतात कश्यप म्हणजे कासव, हे तिने त्याच रात्री शोधून काढलं होतं. आजोबांच्या तिथीला बाबा पाटावर बसले, आणि बसण्याआधी त्यांनी तिला ते नाव नीट कसं उच्चारायचं, हे दोनदा विचारून घेतलं.