टीएसएच वाढलाय म्हणजे नेमकं काय वाढलंय?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ३८. गेले काही महिने खूप थकवा येतोय, केस गळतायत, पाळीत रक्तस्राव जास्त होतोय, पोट साफ होत नाही, म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्टमध्ये टीएसएच १८.४ आला आणि फ्री टी-फोर कमी. डॉक्टरांनी थायरॉक्सिनची ५० ची गोळी रोज सकाळी सुरू केली. पण माझ्या जाऊबाई म्हणतात की रिपोर्टमध्ये थायरॉइड वाढलेला दिसतोय, मग वाढलेल्यावर परत थायरॉइडचीच गोळी कशी काय देतात? मी घाबरून पाच दिवस गोळी बंद ठेवली, काही त्रासही झाला नाही. हार्मोनच्या गोळीची सवय लागते, मग ती आयुष्यभर सुटत नाही असंही ऐकलंय. नीट समजावून सांगाल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, आधी उद्या सकाळपासून गोळी परत सुरू करा आणि मधे पाच दिवस बंद होती हे तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगून टाका, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

जाऊबाईंना तसं वाटणं अगदी साहजिक आहे. रिपोर्टवर वरती थायरॉइड प्रोफाइल लिहिलेलं असतं आणि खाली एका आकड्यापुढे ठळक अक्षरात हाय, मग कोणीही म्हणेल की थायरॉइड वाढलाय. पण टीएसएच हा थायरॉइडने बनवलेला हार्मोनच नाही. तो बनतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत, जिचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. थायरॉइड खाली गळ्यात पुढच्या बाजूला असतो, पंधरा-वीस ग्रॅमचा, आणि तो बनवतो मुख्यतः टी-फोर (म्हणजेच थायरॉक्सिन) आणि थोडासा टी-थ्री. पिट्युटरीचं या दोघांवर सतत लक्ष असतं, रक्तात ते कमी पडले की ती टीएसएच जास्त सोडते, म्हणजे थायरॉइडला सांगते की कामाला लाग, आणि पुरेसे झाले की टीएसएच आपोआप खाली येतो. गल्लीत खेळणाऱ्या पोराला आई जेवायला हाक मारते, पोरगं येत नाही तसा तिचा आवाज चढत जातो, तसंच हे. बहुतेक लॅब ०.४ ते ४ च्या आसपासचा आकडा नॉर्मल धरतात, तुमचा १८.४ आहे, म्हणजे पिट्युटरी जोरजोरात बोलावतेय आणि खालून पुरेसा टी-फोर येत नाहीये. वाढलाय तो टीएसएच, कमी पडलाय तो थायरॉइडचा हार्मोन, आणि जो कमी पडलाय तोच डॉक्टर गोळीतून देतायत.

आता एवढ्या वेगवेगळ्या तक्रारी एकाच गोष्टीमुळे कशा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मनात असेल. कुठलाही हार्मोन रक्तातून सगळीकडेच फिरतो, पण काम तिथेच करतो जिथल्या पेशींकडे त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखून धरणारं प्रथिन, असतं, बाकीच्या पेशींजवळून तो नुसता वाहून जातो. टीएसएचचं मुख्य गिऱ्हाईक एकच, थायरॉइड. पण थायरॉइडच्या हार्मोनचे रिसेप्टर शरीरात जवळपास सगळीकडे आहेत, हृदयात, आतड्यात, स्नायूंत, मेंदूत, केसांच्या मुळांशी. टी-फोरच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, यकृत, मूत्रपिंड वगैरे अवयव त्यातला एक काढून टाकतात आणि उरतो टी-थ्री, खरं काम करणारा. तो पेशीच्या थेट केंद्रकात शिरतो आणि कुठले जीन्स चालू ठेवायचे कुठले बंद हे ठरवायला लागतो, त्यावर पेशी कुठली प्रथिनं किती बनवणार आणि ऊर्जा किती जाळणार हे ठरतं. तो कमी पडला की आतडं संथ, हृदयाचे ठोके संथ, थंडी जास्त वाजते, केस गळतात, पाळी बिघडते. वजनही वाढतं पण बरंचसं मीठ-पाणी साठल्यामुळे आणि साधारण दोन ते पाच किलो, त्यामुळे पंधरा-वीस किलो वाढलेलं वजन सगळंच्या सगळं थायरॉइडच्या नावावर टाकू नका.

आणि हे सगळं हळूहळू चालतं. रस्त्यात अंगावर गाडी आली की अॅड्रेनलिन काही सेकंदांत छाती धडधडवतं, जेवल्यावर इन्सुलिन काही मिनिटांत कामाला लागतं, थायरॉइडचं मात्र आठवड्यांच्या हिशोबात. रक्तातला टी-फोर निम्मा व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणून पाच दिवस गोळी बंद ठेवूनही तुम्हाला काही जाणवलं नाही, घेतलेला बराचसा टी-फोर तेव्हा रक्तात होताच. "बंद केली तरी काही झालं नाही, म्हणजे गरजच नव्हती" असं म्हणून कितीतरी बायका इथेच गोळी सोडतात आणि दोन-तीन महिन्यांनी सुजलेल्या चेहऱ्याने परत येतात, मला याचं फार वाईट वाटतं कारण हे पूर्ण टाळता येण्यासारखं आहे. गोळीचा डोस बसलाय का हे बघायलाही म्हणूनच सहा ते आठ आठवडे थांबून टीएसएच करतात, पंधरा दिवसांत केला तर तो आकडा फसवा असतो.

सवयीचं म्हणाल तर गोळीतला रेणू आणि तुमच्या थायरॉइडने बनवलेला टी-फोर यांत काही फरक नाही. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरांत थायरॉइड मंद व्हायचं सगळ्यात मोठं कारण हाशिमोटो, हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यात आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडच्या पेशी मारत जाते, अँटी-टीपीओ ही तपासणी त्यासाठीच असते. एकदा मेलेल्या पेशी गोळी बंद केल्याने परत येत नाहीत, म्हणून गोळी बहुतेकांना कायमची लागते, गोळीने अडकवलं म्हणून नाही. अपवादही आहेत, बाळंतपणानंतर काही महिन्यांत थायरॉइड मंद झालेला असला तर बऱ्याच जणींचा पुढे सुधारतो आणि डॉक्टर गोळी कमी करत बंद करून बघतात. पण ते त्यांनी ठरवायचं, जाऊबाईंनी नाही.

ही गोळी नव्हती तेव्हा काय व्हायचं तेही सांगतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जॉर्ज मरी नावाच्या डॉक्टरांनी १८९१ मध्ये थायरॉइड पूर्ण मंदावलेल्या ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली, अर्थात तो अर्क नंतरही कायम घेत होती. १९१४ च्या नाताळात अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळं काढलं, १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत बनवायलाही जमलं. एवढ्या मेहनतीने हातात आलेली गोष्ट आज दिवसाला दोन-तीन रुपयांत मिळतेय, घ्या ती.

अजून एक, दिवस राहण्याची शक्यता असेल तर पाळी चुकल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात डोस बहुधा वाढवावा लागतो आणि पहिले तीन महिने बाळाचा स्वतःचा थायरॉइड काम करत नसतो, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर अवलंबून असते.

प्रश्न: माझ्या आईचं (वय ६२) थायरॉक्सिन ७५ वरून १०० आणि आता १२५ केलं तरी टीएसएच खाली येत नाही. गोळी एकही दिवस चुकत नाही. (एक वाचक, बारामती)

उत्तर: आई गोळी कशाबरोबर घेतात ते एकदा सकाळी शेजारी उभं राहून बघा. मी पेशंटना हे करूनच दाखवायला सांगतो आणि बरेचदा दिसतं ते असं: साडेपाचला उठून चहा ठेवला, डबीतून थायरॉइडची गोळी काढली, सोबत कॅल्शियमची, लोहाची, अॅसिडिटीची, सगळ्या एका तळहातावर, आणि चहाच्या घोटाबरोबर एकदम पोटात. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, चहा-कॉफीने ते कमी शोषलं जातं, अॅसिडिटीच्या गोळ्यांनीही फरक पडतो. गोळी रोज घेतली पण रक्तात पोचलीच नाही आणि रिपोर्ट बघून डोस मात्र वाढत गेला.

थायरॉक्सिन उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, मग किमान अर्धा तास आणि जमलं तर तासभर चहासुद्धा नाही, कॅल्शियम आणि लोह चार तासांनी. बाटली गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, उष्णता आणि दमटपणाने गोळी खराब होते.

आता महत्त्वाचं, हे सुधारण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. कारण तीच १२५ ची गोळी आता नीट शोषली गेली तर डोस जास्त होऊ शकतो आणि या वयात त्याने हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी नक्की करा, आणि मधेच धडधड, हात थरथरणं असं काही झालं तर तेवढंही थांबू नका.

प्रश्न: थायरॉइडमध्ये कोबी-फ्लॉवर बंद करायचे का? आणि सैंधव मीठ चांगलं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: कोबी-फ्लॉवरची शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा. रोज वाट्यावाट्या कच्चा कोबी खात असाल आणि आयोडीन कमी पडत असेल तरच विचार करायचा. सैंधव किंवा गुलाबी मिठात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन दाखवलं की गलगंड कमी होतो, त्याच वाटेने १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि आता आपण जास्त पैसे मोजून परत आयोडीन नसलेलं मीठ घरी आणतोय, हे बघवत नाही. विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर साधं आयोडीनयुक्त मीठच वापरा. मात्र हाशिमोटो असेल तर जास्तीचं आयोडीन खाऊन तो बरा होत नाही, उलट बिघडू शकतो, तेव्हा आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या स्वतःहून नको.

प्रश्न: चाकणला कंपनीत रात्रपाळी असते, सकाळी आठला घरी येऊन जेवून झोपतो. थायरॉइडची गोळी कधी घेऊ आणि टेस्ट कधी करू? (एक वाचक, राजगुरुनगर)

उत्तर: घड्याळातली सकाळ महत्त्वाची नाही, रिकामं पोट महत्त्वाचं आहे. दुपारी उठल्या उठल्या घ्या, किंवा शेवटच्या खाण्यानंतर तीन-एक तासांनी, पण एकच वेळ धरा आणि कामाची पाळी बदलली की डॉक्टरांना विचारून बदला. टीएसएच दिवसभर सारखा नसतो, रात्री उशिरा जास्त आणि दुपारी कमी, म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्या आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी घेत असाल तर ती टेस्टच्या निदान दोन दिवस आधी बंद करा आणि लॅबमध्ये तसं सांगा, त्याने टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर खोटाच जास्त दिसू शकतो आणि त्या आकड्यावर कोणी तुमचा डोस कमी करून बसेल.