शिमी डॅम्पर नवा टाकूनही नोज व्हील का थरथरतं?

तुमचा प्रश्न असा आहे: फ्लाइंग स्कूलच्या सेसना 172 या लहान विमानाचं नोज व्हील (नाकाखालचं चाक) उतरल्यावर इतकं थरथरतं की पॅनेलवरचे काटे वाचता येत नाहीत. नवा शिमी डॅम्पर (ही थरथर, म्हणजे शिमी, विझवणारा भाग) बसवला, चार दिवस बरं गेलं आणि पुन्हा तेच सुरू झालं. मग नवा डॅम्परच खराब निघाला का?

बहुधा नाही. एएमई, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअर, म्हणून माझी बरीच वर्षं लहान विमानांच्या हँगरमध्ये गेली आहेत, आणि ही तक्रार आली की सगळ्यांचा हात आधी डॅम्परकडे जातो. मीही तेच करत होतो. एका विमानाला वर्षभरात तीन डॅम्पर लागले, तिन्ही माझ्या सहीने. शेवटी कळलं की डॅम्पर तिन्ही वेळा ठीकच होता.

चाक का थरथरतं ते आधी बघा. रेल्वे फलाटावर ट्रॉली बॅग जरा जोरात ओढली की तिचं फिरतं चाक एका ठरावीक वेगाला फडफडायला लागतं. वेग कमी केला की थांबतं. नोज व्हीलचंही तसंच होतं. टायर बाजूला लवचिक असतो. चाक जरा वळलं की टायर त्याला परत ओढतो, पण चाक मधोमध न थांबता पलीकडे जातं. थरथर सेकंदाला साधारण 10 ते 30 वेळा होते आणि तिला लागणारी ताकद विमानाच्या पुढे जाण्यातूनच मिळत राहते. म्हणून ती आपोआप विरत नाही. ती विझवण्यासाठीच डॅम्पर असतो: तेलाने भरलेलं छोटं सिलिंडर, आत पिस्टन.

आता खरी गोम. स्ट्रटचा, म्हणजे चाक धरणाऱ्या पायाचा, खालचा दांडा वरच्या नळीत मोकळा फिरू शकतो. त्याला धरून ठेवते ती फक्त टॉर्क लिंक, म्हणजे कात्रीसारखी दिसणारी जोडी. चाकाचं वळणं टॉर्क लिंकमधून कॉलरला (स्ट्रटभोवतीच्या कड्याला) पोचतं आणि तिथून डॅम्परला. टॉर्क लिंकचे बुश (बोल्टभोवतीच्या छोट्या नळ्या) झिजले, बोल्ट सैल झाला, कॉलरच्या शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) गेल्या, की चाक त्या ढिलाईतच मनसोक्त हलतं आणि डॅम्परला त्याचा पत्ताही लागत नाही. नवा डॅम्पर घट्ट असतो म्हणून चार दिवस झाकून नेतो. मग त्याचेही सील मार खातात.

तपासणी अशी करा, अर्थात तुमच्या एएमईसोबत. शेपटीच्या टाय-डाउन रिंगला (विमान जमिनीला बांधायच्या कडीला) वजन बांधून नोज व्हील जमिनीपासून उचलायचं. स्टॅबिलायझरवर (शेपटीच्या आडव्या पंखावर) कुणालाही लोंबकळू देऊ नका. एकाने चाक डावी-उजवीकडे हलकेच पिळायचं, दुसऱ्याने टॉर्क लिंकच्या मधल्या सांध्यावर बोट असं ठेवायचं की ते दोन्ही तुकड्यांना टेकेल. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला लगेच कळते. मग हेच कॉलरवर, स्टिअरिंग रॉडच्या टोकांवर आणि डॅम्परच्या स्वतःच्या बोल्टवर. चाक आडवं हलवून बेअरिंगही पाहा. माझ्या त्या विमानात मधल्या बोल्टचे बुश अंडाकृती झाले होते. बुश, बोल्ट आणि शिम नवे टाकले, जुन्याच डॅम्परमधली हवा काढली आणि थरथर थांबली.

डॅम्पर तपासायचाच तर सोडवून हाताने आत-बाहेर करा. पूर्ण स्ट्रोकभर एकसारखा विरोध लागला पाहिजे. मधेच हात मोकळा पडला तर आत हवा आहे. दांड्याभोवती लाल तेल दिसलं तर ओ-रिंग (रबरी सील) गेली. लॉर्ड कंपनीचे रबरी डॅम्परही मिळतात, त्यांना तेल लागत नाही. पण ढिलाई तशीच ठेवून तो बसवला तर पैसे वायाच.

टायर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. दाब मॉडेलप्रमाणे बदलतो: 172 एन ला पुढे 31 पीएसआय, 172 एस ला 45. अंदाजाने हवा भरू नका. टायरवरचा लाल ठिपका ट्यूबच्या व्हॉल्व्हसमोर आहे का पाहा. तो टायरची हलकी बाजू दाखवतो. आणि चाक बॅलन्स करून घ्या.

तोवर तुमच्या हातात काय आहे? उतरल्यावर योक (पायलटच्या हातातलं कंट्रोल) मागे धरून ठेवा, नाक हळूहळू टेकू द्या. थरथर सुरू झालीच तर योक आणखी मागे घ्या म्हणजे चाकावरचा भार कमी होईल. घाबरून जोरात ब्रेक लावला तर तो भार उलट वाढतो. हे हलकं घेऊ नका: रोजच्या थरथरीने फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) तडे जाऊ शकतात.

आणि स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहिताना नुसतं ‘नोज व्हील शिमी’ लिहू नका. कोणत्या वेगाला सुरू झाली, कोणत्या वेगाला थांबली, टेक-ऑफला की लँडिंगला, योक कुठे होता, एवढं लिहा. एएमईचं अर्धं काम तिथेच होतं.