डॉलर भरण्याआधी कॉलेजचा आयपी तपास

"गाइड म्हणतात गुगलवरचं चालणार नाही, लायब्ररी म्हणते सगळं ऑनलाइन आहे, आणि ऑनलाइन गेलं की प्रत्येक पेपर पस्तीस-चाळीस डॉलर मागतो." प्रबंधासाठी संशोधनाचे पेपर मिळत नाहीत म्हणून तू हे लिहिलंयस, ते आमच्याकडे जसंच्या तसं चालायचं. मीही एम.एस्सी. नर्सिंग खासगी कॉलेजातूनच केलं. वयाने मोठी असणार म्हणून एकेरीत लिहितेय, राग मानू नकोस.

पबमेड (वैद्यकीय लेख शोधायची साइट), अ‍ॅबस्ट्रॅक्ट वगैरे तुला येतच असणार. घोडं अडतं ते सारांशाच्या पुढे, फुल टेक्स्टपाशी, म्हणजे पूर्ण लेखापाशी. कॉलेजने जर्नलचे पैसे भरलेत हे प्रकाशकाच्या वेबसाइटला कळतं ते बहुतेक वेळा कॉलेजच्या इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे त्या जोडणीच्या क्रमांकावरून. आमच्या कॉलेजने मध्येच इंटरनेट कंपनी बदलली, स्वस्तात मिळालं म्हणून. आयपी बदलला. प्रकाशकांना कळवायचं कोणी? लायब्ररी म्हणे ते आयटीचं काम, आयटी म्हणे सबस्क्रिप्शन लायब्ररीचं. वर्गणी मात्र दरवर्षी वेळेवर जात होती! ई-लायब्ररीच्या टेबलावरचं ठरलेलं उत्तर काय, तर "सगळं सबस्क्राइब्ड आहे, तुम्हाला सर्च करता येत नाही." वर्षभर आम्ही अ‍ॅबस्ट्रॅक्टवर रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा) लिहिला, गाइडनी तो परत केला, आणि वर्गातल्या दोघींनी घरच्या कार्डावरून पेपर विकत घेतले. आजही आठवलं की डोकं फिरतं.

उलगडा झाला तो दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीमुळे. तिने तिच्या लायब्ररीत तोच पेपर उघडला, तर पानाच्या वरच्या पट्टीत तिच्या कॉलेजचं नाव छापून आलेलं. आमच्याकडे ती जागा कोरी. तू एवढंच बघ. कॉलेजच्या वायफायवर (मोबाइल डेटा बंद करून, होस्टेलची लाइन अनेकदा वेगळी असते) वर्गणी भरलेल्या जर्नलचं पान उघड. नाव दिसलं नाही तर पानाचा स्क्रीनशॉट आणि त्या क्षणाचा आयपी, दोन्ही ईमेलने ग्रंथपालांना पाठव, प्राचार्यांना प्रत ठेवून. तोंडी सांगू नकोस. तोंडी सांगितलेलं त्या टेबलापलीकडे जात नाही. आमचं काम शेवटी एका ईमेलने झालं, तेही आमची बॅच बाहेर पडता पडता. नाव दिसत असूनही पैसे मागत असतील, तर बहुधा ते जर्नल किंवा ते वर्ष वर्गणीत नाही. मी लायब्ररी सायन्स शिकलेली नाही, तुमच्याकडे लॉगिनची पद्धतही असू शकते, तेही विचारून घे.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या सामायिक जर्नल-वर्गणी योजनेबद्दल कोणीतरी सांगेलच. १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स त्यात आली आहेत, पण योजना सुरू झाली ती सरकारी संस्थांसाठी. सरकारी मेडिकल कॉलेजात ओळखीचं कोणी असेल तर तिथल्या लायब्ररीत बसू देतात का ते विचार. दुसऱ्याचा पासवर्ड मात्र मागू नकोस, त्याचं खातं बंद पडू शकतं. आणि डेलनेट, म्हणजे लायब्ररींचं आपसातलं जाळं! इन्स्पेक्शनच्या फाइलीत त्याची पावती लावलेली असते, विद्यार्थ्यांना पत्ता नसतो. कॉलेज सभासद असेल तर दुसऱ्या लायब्ररीतल्या लेखाची प्रत मागवता येते. विनंती ग्रंथपालांमार्फत जाते, म्हणून मागे लागावं लागतं.

माझं मत, पटलं तर घे: पबमेडमधल्या "फ्री फुल टेक्स्ट"च्या चौकोनात टिक करूच नकोस. फुकट मिळतंय तेवढ्यावरच रिव्ह्यू लिहिला की व्हायव्हात परीक्षक नेमका राहिलेला पेपर विचारतात. आधी पेपर निवड, मग तो कुठे मिळतो ते बघ. ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे एक्स्टेंशन बसवून घे, कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. दुसरं, तुझा विषय मधुमेही रुग्णांनी पायांची घ्यायची काळजी. त्यासाठी फक्त "डायबेटिक फूट" हा मेश शब्द (लेखांना लावलेला ठरावीक विषय-शब्द) वापरून थांबू नकोस. मेश शब्द लागतात ते मेडलाइनमधल्या, म्हणजे पबमेडमधल्या निवडक जर्नलांच्या सूचीतल्या नोंदींना. जर्नल ऑफ फॅमिली मेडिसिन अँड प्रायमरी केअरसारखी आपल्याकडची जर्नल्स पबमेडमध्ये दिसतात ती पबमेड सेंट्रल या मोफत पूर्ण लेखांच्या संग्रहाच्या वाटेने, त्यांच्या लेखांना मेश नसतो. नुसत्या मेशवर शोधलंस तर आपल्याच खेड्यापाड्यांतले अभ्यास गळतील आणि रिव्ह्यूत सगळा युरोप-अमेरिका भरेल. साधे शब्द आणि मेश "ऑर"ने जोड, शिवाय "फूट केअर", "सेल्फ केअर"ही घाल.

शोधगंगेवरचे (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) प्रबंध प्रश्नावली कशी बांधली ते बघायला उत्तम. पण त्यातला संदर्भ मूळ पेपर न वाचता उचलू नकोस, चुकीचं वर्ष एका प्रबंधातून दुसऱ्यात वाहत जाताना मी पाहिलंय.

तरीही पेपर हाती लागला नाही तर अ‍ॅबस्ट्रॅक्टखाली ज्याचा ईमेल दिलेला असतो त्या लेखकाला चार ओळी लिही, विषय आणि कॉलेज सांगून. बरेच जण पीडीएफ पाठवतात. आणि आलेली फाइल लगेच लेखक-वर्ष अशा नावाने सेव्ह कर. "डाउनलोड १७" नावाच्या फाइलीत काय होतं, हे सबमिशनच्या आदल्या रात्री कोणालाही आठवत नाही.