टीव्हीवर यूट्यूब दिसतं, पण ४के सिनेमा लागत नाही: एचडीसीपीचं काय करायचं?

तुमची जोडणी कॉम्प्युटर, जुना एव्ही रिसीव्हर (स्पीकरांना आवाज देणारा मधला डबा) आणि मग ४के टीव्ही अशी आहे. डेस्कटॉप आणि यूट्यूब नीट, नेटफ्लिक्स मात्र ४केला जात नाही. माझा पहिला संशय रिसीव्हरवर.

नेटफ्लिक्सच्या ४केला एचडीसीपी २.२ लागतं. एचडीसीपी म्हणजे केबलमधून जाणारं चित्र कुणी कॉपी करू नये म्हणून घातलेलं डिजिटल कुलूप. ग्राफिक्स कार्डापासून प्रत्येक यंत्र एचडीएमआयमधूनच आपल्या पुढच्या यंत्राशी त्याच्या किल्ल्यांची देवाणघेवाण करतं. मधला एकजण जुन्या एचडीसीपी १.४ वाला निघाला, तर अख्खी साखळी १.४ वर येते. टीव्ही कितीही नवा असो.

म्हणून केबल कार्डातून थेट टीव्हीला लावा. जुन्या ४के टीव्हींवर सगळेच पोर्ट २.२ चे नसतात, मागे पोर्टशेजारी छापलेलं वाचा. आवाज टीव्हीच्या एआरसी पोर्टातून (आवाज उलटा बाहेर पाठवणारा एचडीएमआय पोर्ट) किंवा ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला परत न्या. ऑप्टिकलवर डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, ट्रूएचडी हा डॉल्बीचाच जास्त दर्जाचा आवाज जात नाही. पण नेटफ्लिक्सकडे ट्रूएचडी नसतंच, त्यामुळे तुमचं काही बिघडत नाही.

इथे बरेच जण एक युक्ती करतात: चित्र टीव्हीला आणि फक्त आवाजासाठी दुसरी एचडीएमआय रिसीव्हरला. आवाज झकास येतो, पण विंडोजला रिसीव्हर हा दुसरा स्क्रीनच वाटतो. एनव्हिडिया कार्डावर जोडलेले सगळे स्क्रीन २.२ चे नसतील तर नेटफ्लिक्स ७२०पीवर घसरतं. टेबलावरचा जुना व्हीजीए मॉनिटरही हाच घोळ घालतो, कारण व्हीजीएवर एचडीसीपी चालतच नाही. तो सरळ काढून ठेवा.

मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'व्ह्यू एचडीसीपी स्टेटस' उघडून बघा. इथे सगळं ठीक असूनही ४के येत नसेल, तर एज ब्राउझर, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं एचईव्हीसी एक्स्टेन्शन (४के व्हिडिओ उलगडणारा छोटा प्रोग्राम) आणि नेटफ्लिक्सचा प्रीमियम प्लॅन या तिन्ही गोष्टी आहेत ना ते तपासा. लिनक्स असेल तर ४केची आशा सोडा.

एचडीसीपी गाळून टाकणारे स्प्लिटर (एचडीएमआयचे फाटे फोडणारे डबे) बाजारात मिळतात, पण त्यांच्या नादी लागू नका. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५अ अशी कुलपं तोडण्याबद्दलच आहे, आणि वरची जोडणी नीट केली की त्यांची गरजही पडत नाही.

कधीतरी मध्येच पडदा काळा झाला तर आधी टीव्ही चालू करा, पोर्ट निवडा आणि मगच कॉम्प्युटर जागा करा, म्हणजे किल्ल्यांची देवाणघेवाण नव्याने होते.