‘नवे थेंब आले म्हणून जुने बंद केले न जी!’

नागपूरच्या महाल भागातले काकाजी, वय ६७. काचबिंदूचे, म्हणजे डोळ्यातलं प्रेशर ताब्यात ठेवणारे, थेंब सहा वर्षांपासून चालू. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या आठवड्यात प्रेशर निघालं २७. काकू घाबरून विचारत होत्या, "लेन्स चुकीची बसली का?"

लेन्सचा यात काही संबंध नव्हता. पण त्यांच्या धास्तीला कारण होतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही प्रेशर २९ होतं. साधारण १० ते २१ (मिमी पारा) ठीक धरतात.

ही दोन प्रेशरं एकच समजू नका. पहिल्या दिवसाचं बहुतेक वेळा जेलमुळे असतं. लेन्स बसवताना डोळ्यात भरलेलं जेल शेवटी काढून घेतात, तरी थोडं मागे राहिलं तर डोळ्याच्या आतलं पाणी निचरण्याची जाळी तुंबते. चार-सहा तासांत प्रेशर चढतं आणि एक-दोन दिवसांत आपसूक उतरतं. काचबिंदूवाल्यांची डोळ्याची नस आधीच नाजूक, म्हणून डॉक्टर वाट न पाहता प्रेशर उतरवणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी देतात. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं; तेवढ्याने घाबरायचं नाही. मात्र सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर गोळी घेण्याआधीच सांगायचं. काकाजींचं प्रेशर तिसऱ्या दिवशी १८ वर आलं.

मग २७ कसं झालं? थेंबांची पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा उलगडा झाला. काचबिंदूच्या दोन्ही बाटल्या तीन आठवडे बंद होत्या. "नवे थेंब आले म्हणून जुने बंद केले न जी!" सुट्टीच्या वेळी मिळालेल्या कार्डावर तळाशी बारीक अक्षरात ‘जुने चालू’ लिहिलेलं, ते कोणी वाचलंच नव्हतं. शिवाय सूज उतरवणारा स्टेरॉइडचा थेंब दर आठवड्याला एक वेळ कमी करायचा होता. काकाजी तो अजून दिवसातून सहा वेळा टाकत होते, कारण "गार वाटते". स्टेरॉइडने काहींचं प्रेशर दोन-तीन आठवड्यांनी चढतं, काचबिंदूवाल्यांचं जास्त. दुखत नाही, लालीही नसते, म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही.

स्टेरॉइड एकदम तोडला असता तर सूज उलटली असती. डॉक्टरांनी सौम्य थेंब देऊन तो उतरवत नेला आणि काचबिंदूच्या दोन जुन्या थेंबांपैकी टिमोलॉल सकाळ-संध्याकाळ पुन्हा सुरू केला. रात्रीचा लॅटानोप्रोस्ट मात्र काही दिवस मागे ठेवला. ऑपरेशननंतर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सूज येण्याच्या शंकेने काही डॉक्टर तसं करतात. म्हणून सुट्टी होताना प्रत्येक जुनी बाटली समोर धरून ‘चालू की बंद?’ विचारायचं. दमा असेल तर टिमोलॉलबद्दल त्याच वेळी बोला.

सुनेने एकाच कागदावर वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं: दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं, थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलका दाबायचा. दाबायचा तो कोपराच, ताजं ऑपरेशन झालेलं बुबुळ नव्हे. लॅटानोप्रोस्टची बाटली उघडल्यावरही फ्रिजच्या दारात. आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांत कपाटात ठेवण्यात अर्थ नाही.

दहा दिवसांनी प्रेशर १७ भरलं. तरीही काकूंना बजावून ठेवलंय: डोळा ठणकला, मळमळलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली किंवा नजर धूसर झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी यायचं.