केबल नव्हे, भोवतीची वाळू बदला

प्रश्न थोडक्यात असा: ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्ट) दोन ३ कोअर (आत तीन तारांच्या) ३०० चौ. मिमी अॅल्युमिनियम एक्सएलपीई (एका प्रकारच्या प्लास्टिकचे इन्सुलेशन असलेल्या) केबल एकाच चरात, ९० सेंमी खोल, दहा सेंमी अंतरावर. भोवती नदीची वाळू, वर काळी माती. लोड प्रत्येकी ३२० अँपिअर, केबलच्या क्षमतेच्या कोष्टकातल्या मर्यादेच्या आत, तरी मे महिन्यात जॉइंट (केबलचे दोन तुकडे जोडलेली जागा) जळतात. ४०० चौ. मिमीची केबल टाकावी का?

अजून टाकू नका. कोष्टकातला आकडा जमिनीचा उष्णतारोध (उष्णता वाहून जायला होणारा अडथळा, पुढे नुसता रोध) १.५ के·मी/वॅट धरून काढलेला असतो. तुमची वाळू पावसाळ्यात त्याहून चांगली वागते, पण एकसारख्या दाण्यांची वाळू पूर्ण सुकली की दाण्यांमध्ये नुसती हवा राहते आणि रोध ३ च्या आसपास जातो.

हिशोब करून पाहा. ३२० अँपिअरला केबल मीटरमागे साधारण ४० वॅट उष्णता सोडते. केबलचा व्यास ९ सेंमी धरला तर रोध १ असताना तिचा पृष्ठभाग जमिनीपेक्षा २३-२४ अंशांनी तापतो, रोध ३ असताना ७० अंशांनी. उन्हाळ्यात खालची जमीन ३५ अंश धरा: एकटी केबलच १०५ वर गेली, आणि एक्सएलपीईच्या कंडक्टरची कायम चालणारी मर्यादा ९० आहे. दुसरी केबल दहा सेंमीवर असल्याने रोध १ असतानाही आणखी १८ अंश चढतात. ३० सेंमी अंतर ठेवले तर साडेअकरा.

पाणी शिंपडून भागत नाही. पृष्ठभाग ५० अंशांच्या वर गेला की ओल केबलपासून दूर पळते, सुकलेला थर रोध वाढवतो, केबल आणखी तापते, थर आणखी जाड होतो. काळी माती तर सुकताना आकसते आणि भेगा पडतात. जॉइंट आधी जातो, कारण तिथले इन्सुलेशन जाड असते आणि उष्णता बाहेर पडायला अडते.

ऑकलंडमध्ये १९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शहराच्या मध्यभागाला वीज देणाऱ्या चार ११० केव्ही केबल एकामागून एक गेल्या आणि तो भाग सुमारे पाच आठवडे अडचणीत राहिला. भोवतीच्या मातीचा रोध गृहीत धरल्यापेक्षा जास्त निघाला, हे तिथल्या कारणांपैकी एक होते.

आता करायचे काय. ९ सेंमीच्या केबलला ९० सेंमी खोलीवर एकूण रोधाचा निम्मा भाग तिच्या मध्यापासून सुमारे २८ सेंमीच्या आतच असतो, म्हणून तेवढाच पट्टा बदलला तरी मोठा फरक पडतो. केबल ३० सेंमी अंतरावर घ्या, ९० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच भाग भरा, म्हणजे मीटरमागे ०.४५ घनमीटर. भरायला क्रशरची डस्ट (दगड फोडताना निघणारा चुरा) चालते, पण बारीक भुकटीपासून ५ मिमीपर्यंत सगळे दाणे मिसळलेली हवी. धुतलेली घेऊ नका, भुकटी निघून गेली की पोकळ्या उरतात. किंचित ओली करून १५ सेंमीचे थर दाबा. केबलवरचा पहिला थर हाताने, यांत्रिक धुम्मस तिथे नको. चर अरुंद असेल, जॉइंटखाली दाबता येत नसेल, तर सिमेंट, वाळू, खडी आणि फ्लाय अॅशचे (कोळशाच्या वीजकेंद्रातल्या राखेचे) पातळ मिश्रण ओता. सिमेंट घनमीटरला एक गोणीच्या आसपासच ठेवा, नाहीतर पुढे खोदायला ब्रेकर लागेल.

ठेकेदाराकडून ओल्या नमुन्याचा आकडा घेऊन समाधान मानू नका. नमुना भट्टीत १०५ अंशांवर पूर्ण सुकवून सुईच्या प्रोबने मोजायला सांगा, सुकल्यावरही १ च्या जवळपास किंवा खाली हवा. सगळा मुद्दा त्या सुक्या आकड्यात आहे.

रस्त्याखालच्या पाइपातली हवाही असाच अडथळा करते. तिथे बेंटोनाइटचा (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचा) गाळ भरून दोन्ही तोंडे बंद करा. आणि चर बुजवण्यापूर्वी जॉइंटशेजारी केबलच्या बाहेरच्या आवरणावर एक पीटी१०० (तापमान मोजणारा सेन्सर) बांधून वायर वर काढा. मे महिन्यात तो ५० च्या वर दिसला तर लोड कमी करायला वेळ मिळतो.